सड्यांच्या बराकीतला नवरा

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

वही दिवाळीच्या आधीच आणली होती. रोज म्हणायचो, आज लिहू. मग कोणी व्हॉलीबॉलला हाक मारायचं, कधी बुटांना पॉलिश, कधी नुसतीच झोप. वहीच्या मागच्या पानांवर पत्त्यांच्या डावाचे गुण लिहून झाले, पुढचं पान कोरंच! आज बसलोय, कारण डोक्यात जे चाललंय ते बराकीत कोणाला सांगता येत नाही.

झुंबरला इथे आणायचंय. एवढंच आहे.

तिला चौथा लागलाय. गेल्या वर्षीच्या श्रावणात पहिलं बाळ गेलं. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत तिला झोळीतून आणत होते, वाटेतच. मी तेव्हा ट्रेनिंगला. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. ह्या खेपेला ती दवाखान्याजवळ पाहिजे. आणि मी तिच्याजवळ पाहिजे. त्यासाठी कॅम्पाबाहेर खोली लागेल, आणि बाहेर राहायची परवानगी फक्त लग्न झालेल्यांना. सड्यांनी बराकीत राहायचं. संध्याकाळच्या हजेरीला आपापल्या खाटेपाशी उभं.

मग माझं लग्न झालंय का? कागदावर नाही. आमच्या पाड्यावर हे विचारलं तर लोक हसतील. झुंबर आमच्या घरात नांदते. दोन्हीकडची माणसं बसली, सुपारी फुटली, तिची आई रडली, ती आली. आमच्यात असंच असतं. लग्न म्हणजे मांडव, हळद, गावजेवण. ते पुढे कधीतरी, भात बरं पिकेल त्या वर्षी. कोणाचं लगेच होतं, कोणाचं पोरं गुरं राखायला लागल्यावर. तोवर नवराबायको म्हणून कोणी कमी धरत नाही. भरतीच्या वेळी बाबूने विचारलं, शादी हुई? मी म्हणालो, लगीन बाकी है. त्याने अविवाहित लिहिलं. त्याचं काय चुकलं?

हात दुखला. एवढं मी आठवीनंतर लिहिलेलं नाही. (नववीत बसलो होतो, पण लिहिलं काही नाही.)

१२ नोव्हेंबर

भगूरला खोली बघायला निघालो. सिन्नरची एस.टी. आली, तीत चढलो, भगूरला उतरायचं. शेजारी एक बाबा कोंबडा घेऊन बसलेला. कोंबड्याचा एक डोळा निळा! त्याची हकीकत ऐकता ऐकता भगूर गेलं, पांढुर्लीही गेलं. सिन्नरला उतरलो. आलोच आहे तर म्हणून ज्या कारखान्यात भरतीच्या आधी हमाली केली तिथे चक्कर मारली. वॉचमनने ओळखलं नाही. चहा पिऊन परत. खोली बघायची राहिली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज उतरलो भगूरला. वत्सलाबाईंचा फुलांचा मळा — शेवंती, झेंडू, बांधाला मेथी. विहिरीजवळ पत्र्याची एक खोली आहे, आत खताच्या गोण्या. मी गेलो तेव्हा बाई शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. मीही बसलो बांधायला. विचारायचं विसरूनच गेलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "फौजी, काम काय होतं तुझं? का जुड्याच बांधायला आलास?"

सांगितलं. पहिला प्रश्न — फॅमिलीवाला का सडाफटिंग? मी खरं ते सगळं सांगितलं, सुपारीपासून. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "ती तुझी बायको असेल बाबा, मी नाही कुठं म्हणते. पण तुझ्या साहेबाची चिठ्ठी दाखव. मागं एक सडा ठेवला होता. भाड्याला एकटा, जेवायला आठ जण."

मी म्हणालो, मावशी, मग तिलाच ठेवा, मी दिवसा येऊन जाईन. तर म्हणे, पोटुशी पोर रात्रीची एकटी? काही झालं तर मी कुठल्या बराकीत येऊन हाका मारू? ते मलाही पटलं. आणि झुंबर तर जन्मात कधी एकट्या घरात झोपलेली नाही.

माघ संपेपर्यंत खोलीत गोण्या राहणार. नंतर जो आधी चिठ्ठी आणेल त्याची. येताना चार शेवंत्या दिल्या. बराकीत कुठे ठेवू? बुटात ठेवल्या.

१९ नोव्हेंबर

सुभेदार साहेबांना भेटलो. साताऱ्याकडचे आहेत, माझ्याशी मराठीत बोलतात. नियम त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. लग्न कर, सरपंचाचा दाखला आणि जोडीचा फोटो आण, अर्ज मी पुढे पाठवतो. तोवर बराक. मी त्यांना आमच्याकडे कसं असतं ते सांगायला लागलो, त्यात नागलीच्या भाकरीवर गेलो, तिथून आमच्या बैलावर. साहेब म्हणाले, "तुला हो-नाही विचारलं तरी तू जंगलातून फिरवून आणतोस."

म्हणजे लग्न करायचं. सोपं आहे!

सोपं कुठलं. आमच्या पाड्यावर आधी आईबापाचं लग्न लागतं, मग पोराचं. ज्यांना हळद लागली नाही ते दुसऱ्याला कशी लावणार? आणि माझ्या आईबापाचं लग्न बाकी आहे. मी एकटाच, बहीण नाही भाऊ नाही, म्हणून आजवर कोणाचं अडलं नाही.

२४ नोव्हेंबर

आज सगळ्या युनिटने माझ्यावर हसून घेतलं.

सुट्टीचा अर्ज हिंदीत लागतो. कारण लिहायचं तिथे मी जे खरं ते लिहिलं — माता-पिता की शादी. ऑफिसातल्या बाबूने तो मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, मग बाहेर येऊन वाचला. जेवणाच्या रांगेत एकजण म्हणाला, बाप की बारात में नाचेगा? दुसरा म्हणाला, नामकरण में हमको भी बुलाना. मीही हसलो. न हसून करतो काय?

दुपारी साहेबांनी बोलावलं. अर्ज समोर, चष्मा कपाळावर.

"आई वारली का तुझी?"

"नाय साहेब. बरी हाय."

"मग बाप दुसरी करतोय?"

"नाय साहेब. आईशीच."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "मग तू कुठून आलास?"

"सुरगाण्याच्या पुढून, साहेब."

ते तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिले. खांदे हलत होते. पुन्हा वळले तेव्हा चेहरा नीट. म्हणाले, आता बस, आणि पहिल्यापासून सांग. बैल वगळून. सांगितलं. पहिल्या बाळाचंही सांगितलं, ते आधी सांगितलं नव्हतं. मग ते हसले नाहीत. विचारलं, बाप तयार आहे का? मी म्हणालो, असेल की. तर म्हणाले, "त्याला अजून विचारलंच नाहीस? नवऱ्या मुलाला विचार आधी. सुट्टी मग बघू."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

३ डिसेंबर

थंडी. गॅरेजमागे कुत्रीने पिल्लं दिली. सगळी बघून आलो. बाकी काही नाही.

७ डिसेंबर, रविवार

घरी आलोय. नाशिकच्या निमाणी स्टँडवरून वणीपर्यंत जीप, पुढे दुसरी जीप, पुढे पाय. रस्ता अजून तेवढाच. झुंबर दिसली नि तो चढ विसरलो. जरा सुजलीये. मला बघून म्हणाली, "आलास? मला वाटलं, वाटंत कुठं कोंबडा बघत बसला आसशील." सिन्नरची गोष्ट मी मागे नाशिकरोडला आमच्याकडच्या जीपवाल्याला सांगितली होती, त्याने ती इथवर पोचवली!

खोलीचं सांगितलं. विहीर, शेवंती, दवाखाना. दवाखान्याचं दोनदा विचारलं तिने, किती लांब, रात्री उघडा असतो का. मग म्हणाली, "तुझ्या सायबाला सांग, माझ्या पोटाला कागद वाचता येत नाय. ते आपलं वाढतंय."

संध्याकाळी बापाजवळ विषय काढला. बाप — रावजी म्हणजे पाड्यावरचा सगळ्यात कमी बोलणारा माणूस. खाटेची दोरी ओढत होता. मी सांगितलं, खर्चाची काळजी करू नका, मी पगारातून सगळं करतो, तांदूळ आणतो, डाळ आणतो, वाजंत्री लावतो. मला वाटलं खूश होईल.

दोरी ओढता ओढता म्हणाला, "तुझ्या पगाराचा भात माझ्या मांडवात शिजायचा नाय."

का, तर आईला त्याने शब्द दिलाय. गावाला जेवू घालीन ते माझ्या हातच्या कमाईचं. दरवर्षी काहीतरी आडवं आलं. कधी पाऊस गेला, कधी बैल गेला, कधी माझी फी. पण शब्द तोच आहे. मी म्हणालो, बा, मी काय परका हाय? त्याने दोरीची गाठ मारली, मग एकच विचारलं, "तुझा तो सायब, त्याचं लगीन झालंय का?" मी म्हणालो, झालंय. म्हणाला, "कोणी लावलं? त्यानं का त्याच्या पोरानं?"

आई बाहेर तांदळातले खडे वेचत होती. मी तिच्याकडे गेलो, म्हणालो, तू सांग ना त्याला. नवसाबाई म्हणजे माझी आई — ती म्हणाली, "मला इचारलं का कोणी? लगीन माझं बी हाय ना त्यात?" म्हणालो, बरं, तुला काय वाटतं? तिने सूप जरा हलवलं. "लागली हळद तर लागू दे. नाय लागली तर काय माझी चूल विझली नाय. पर त्याला ढकलू नको. ढकललं का तो जिथल्या तिथं बसतो."

उद्या परत.

२१ डिसेंबर, रविवार

साहेबांनी स्वतःहून विचारलं, नवरदेव काय म्हणतो? सांगितलं. चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, आता चिडतील. म्हणाले, आमचे वडीलही असेच होते, पण ते जाऊ दे. मग वाट दाखवली: कोर्टात लग्न कर. सही केली की झालं, दाखला मिळतो, कुणाच्या मांडवाला धक्का नाही. साक्षीदार लागला तर मी येतो.

हे मला का सुचलं नाही! उड्या मारत आलो. वाटेत कॅन्टीनमध्ये रेडिओवर मॅच लागली होती, तिथे थांबलो. हरलो. पण तरी बरं वाटत होतं.

१ जानेवारी १९९८

नवं साल. मेसमध्ये जिलेबी.

१६ जानेवारी

संक्रांतीला घरी जाऊन आलो. कोर्टाचं झुंबरला सांगितलं, नदीवर ती धुणं धूत होती तेव्हा. मी तर तारीखही मनात धरली होती. ती ऐकत होती, कपडा पिळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "सही करीन की. त्यात काय."

मी हसलो. मग ती पुढे म्हणाली, "पर आयला अजून हळद लागली नाय. सासू बिनलग्नाची आन् मी लग्नाची. रोज तिनं मला ताट वाढायचं आन् मी ते कसं खायाचं, ते तू सांग."

मी म्हणालो, अगं, हा नुसता कागद. कोणाला दाखवायचा नाही, पेटीत ठेवायचा. तर म्हणते, "मग तुझ्या सायबाला कशाला दाखवतोस? एकाला दावायचा म्हंजी सगळ्यांला दावायचा."

मी दगड फेकत बसलो. एक दगड पाण्यावर पाच वेळा उडाला, तिनेही बघितला. मी विचारलं, भीती नाही वाटत का? ह्या खेपेला? बादली उचलायला मी वाकलो तेव्हा म्हणाली, "रोज वाटते. म्हून काय आयला मागं टाकू?"

बादली मी वर नेली. इकडे गडी माणूस नदीवरून बादली नेत नाही. पाड्यावरच्या एका म्हातारीने मला बघून तोंडाला पदर लावला. लावू दे.

रागावलो नाही तिच्यावर. परत येताना जीपमध्ये विचार करत होतो, रागवायचं होतं तरी कशाला? ती बरोबर, बाप बरोबर, साहेब बरोबर, वत्सलाबाई बरोबर. सगळे बरोबर, आणि ती तिकडे, मी इकडे.

२६ जानेवारी

परेड झाली. बुटाने टाच सोलली. लाडू मिळाले, चार खाल्ले.

१ फेब्रुवारी, रविवार

मळ्यात गेलो. खताच्या गोण्या अर्ध्या निघाल्या. भिंतीला चुना लावताहेत. वत्सलाबाई म्हणाल्या, एक हवालदार येऊन बघून गेला, बायको, दोन पोरं, चिठ्ठी खिशात. मी विचारलं, मग दिली? म्हणाल्या, "माघ म्हटलं ना तुला? माघ अजून आहे." त्या चुना कालवत होत्या. मी ब्रश घेतला आणि एक भिंत मारून दिली. ज्या खोलीत राहायला मिळणार नाही, तिला चुना! बाई म्हणाल्या, कोपरा राहिला बघ. तोही मारला.

तिला आता सातवा.

६ फेब्रुवारी

जीपवाला नाशिकरोडला भेटला. निरोप आणला होता, आणि बरा नाही. बाप घरात नाही. संक्रांतीनंतर मी निघालो, त्यानंतर दोन-तीन दिवसांतच गेला. मुकादमाची गाडी खाली द्राक्षाच्या मळ्यांकडे चालली होती, तीत चढला. पिंपळगावकडे का विंचूरकडे, ते आईलाही सांगितलं नाही. आई म्हणाली म्हणे, चिलीम घरीच विसरून गेला.

बाप आणि द्राक्षाच्या मळ्यात! सगळा पाडा दरसाल दिवाळीनंतर खाली उतरतो, एकटा रावजी जात नाही. मी भरतीच्या आधी दोन हंगाम गेलो होतो तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. दुसऱ्याच्या वेलीखाली वाकून उभं राहायचं नाही म्हणे.

मी जास्त ढकललं. आईने बजावलं होतं. लग्नाचा विषय नको म्हणून पळाला, दुसरं काय? ह्या वयाचा माणूस घर सोडून गेला, ते माझ्या खोलीपायी.

८ फेब्रुवारी, रविवार

पास काढून पिंपळगावला गेलो. गावाच्या पुढे दोन-तीन मळे पायी हिंडलो. सगळीकडे तोडणी चालू, खोके भरताहेत, पेपर चुरगाळून खाली घालताहेत. ओळखीची दोन माणसं भेटली, त्यांनी बापाला बघितलं नव्हतं. एका मळ्यात मालकाने हाकललं, दुसऱ्यात एका बाईने घडभर द्राक्षं दिली. ती खात खात मी दुसऱ्याच रस्त्याला लागलो, आणि संध्याकाळ झाली. हजेरीला जेमतेम पोचलो.

माझ्यासारख्याला माणूस शोधायला पाठवू नये.

१० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, की अर्जाचं राहू द्या आता. का विचारलं, तेही सांगितलं. म्हणाले, बाप येईल घरी, हंगाम संपला की सगळे येतात. मी म्हणालो, हंगाम चैत्रापर्यंत चालतो साहेब. तोवर बाळच येईल. त्यांनी माझा तो पहिला अर्ज, माता-पितावाला, फाडला नव्हता. ड्रॉवरमधून काढून बघितला, पुन्हा आत ठेवला. "राहू दे इथंच," म्हणाले.

१३ फेब्रुवारी

ठरवलंय. होळीच्या आधी सगळी सुट्टी एकदम मागायची आणि बाळ होईपर्यंत पाड्यावरच राहायचं. डांबरी रस्त्याजवळ कोणाच्या तरी ओसरीवर झुंबरला आधीच आणून ठेवायचं. जीपवाल्याशी बोलून ठेवायचं. झोळी धरायला ह्या वेळी मी असेन. खोलीचं वत्सलाबाईंना उद्या सांगून टाकतो. त्या हवालदाराची पोरं तरी विहिरीवर खेळतील.

हे लिहिलं आणि जरा हलकं वाटलं. कुत्रीची पिल्लं आता बराकीत शिरतात, एकाने माझा मोजा नेला.

१४ फेब्रुवारी

वत्सलाबाईंना सांगायला निघालो होतो. भगूरच्या आठवडे बाजारात चाकू-कात्र्यांना धार लावणारा बसला होता, ठिणग्या बघत उभा राहिलो, परत यायची वेळ झाली. उद्या सांगेन.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपार

घाईत लिहितोय, बूट घालायचेत. गेटवरच्या पहारेकऱ्याचा निरोप आलाय. एक म्हातारा उभा आहे, हातांना द्राक्षाच्या औषधाचे निळे डाग, पायात कोऱ्या वहाणा. मला भेटायचं नाही म्हणतो, सुभेदार साहेबांना भेटायचंय. पळसाच्या पानात हळदीचे तांदूळ आणलेत. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाच्या लग्नाचं आवतण?

म्हणाला, "माझ्या."